नावडती गिरणी

मी एक जुनी गिरणी आहे. पण मित्रांनो, धान्याचा एक दाणाही मी कधी पाहिलेला नाही. माझ्यातून निघते ते लाकडाचे पीठ. गिटार आणि तिच्यासारखी तारांची वाद्ये बनवायला ज्या पातळ फळ्या लागतात, त्या घासून नेमक्या जाडीला आणणे हे माझे काम. 'गिरणी' हे नाव मला कौतुकाने मिळालेले नाही. ते शिवी म्हणून मिळाले. शिवी देणारा माणूस घरातलाच होता. त्याने पहिल्या दिवसापासून माझा दुस्वास केला, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचे कधी प्रेम वाटले नाही.

तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. माझे आयुष्य भांडणात गेले. ज्या घरात मी जन्मले, त्या घरात माझ्यामुळे दोन चुली झाल्या, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. खरे काय ते मी डोळ्यांदेखत पाहिले आहे, म्हणून सांगते.

त्या घराच्या तळमजल्यावर वाद्यांचा कारखाना होता आणि वरच्या मजल्यावर माणसे राहत. जिना बाहेरून होता. घरात तीन माणसे होती. आप्पा, त्यांचा मुलगा आणि मुलाची बायको. आप्पा गिटारी बनवत. त्यांच्या हाताला चव होती, असे गावभर म्हणत. फळी टेबलावर ठेवून ते लाकूड तासायचा रंधा चालवायचे. मधूनच थांबून फळी कानाशी धरायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि पुन्हा रंधा उचलायचे. मोजायचे साधन त्यांच्याकडे होते, पण ते खिळ्याला लटकलेले असे. "ज्याला ऐकू येत नाही त्यानं मोजावं," असे ते म्हणत.

मित्रांनो, फळीची जाडी ही साधी गोष्ट नाही. पुढची फळी जाड राहिली, तर गिटार घशात बोळा कोंबल्यासारखी बोलते. जास्त पातळ झाली, तर तारांच्या ताणाने तिचे पोट वर येते आणि एक दिवस ती फुटते. मधली जागा फार अरुंद असते. अडीच मिलिमीटरच्या थोडे इकडे किंवा थोडे तिकडे. तेवढ्या जागेत त्या घरातली तिन्ही माणसे एकमेकांच्या जिवावर उठली.

आप्पांच्या मुलाने लहानपणापासून रंधा चालवला होता. जड फळ्या आप्पा त्यालाच द्यायचे. एका हिवाळ्यात त्याच्या उजव्या मनगटाला सूज आली, ती उतरेना. कपसुद्धा धरता येईना. डॉक्टरांनी सांगितले, रंध्याला हात लावाल तर हात जाईल. आप्पांनी हे ऐकले आणि म्हणाले, "माझ्या वेळी मनगटं नव्हती वाटतं."

मुलगा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. बोलली ती त्याची बायको. तिचे वडील विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे. तांब्याच्या तारा, पट्टे आणि बेअरिंग यांच्यातच ती वाढली होती. सासरी आल्यापासून तिला कारखान्यात झाडू मारण्यापलीकडे काम मिळाले नव्हते. त्या रात्रीच्या जेवणानंतर तिने ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "मी मशीन बनवते."

माझा जन्म असा रागातून झाला, आणि भंगारातून. माझी मोटर बंद पडलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रातली. माझे अंग जुन्या पलंगाच्या लाकडाचे. माझा रूळ तिने प्लायवुडच्या गोल चकत्या एकीला एक चिकटवून बनवला आणि त्यावर काचकागदाची पट्टी गुंडाळली. रुळाखालचे टेबल म्हणजे एका कपाटाचे दार. ते वरखाली करायला तिने शिलाई यंत्राचे चाक लावले. चाक फिरवले की टेबल केसभर वर येते, फळी रुळाखालून सारली की तेवढीच घासली जाते. टेबलाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक बोल्ट होता. टेबल दोन्हीकडे सारखे राहावे म्हणून ते बोल्ट बसवायचे, नट पान्याने आवळून टाकायचे आणि पुन्हा त्यांना हात लावायचा नाही. एक बाजू जरा जरी उचलली गेली, तर फळी एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ निघणार. एवढेच माझे शास्त्र आहे.

मला मागच्या खोलीतून कारखान्यात आणले, तेव्हा आप्पा सरस ढवळत होते.

"हे काय?"

"मशीन आहे, आप्पा. फळ्यांची जाडी काढायला."

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. माझ्यावरचा पलंगाचा रंग त्यांनी ओळखला. तो त्यांच्या आईचा पलंग होता.

"गिरणी म्हण, गिरणी. उद्यापासून बाहेरचं दळणही घे. घर चालेल."

त्यांनी तोंड फिरवले. तेव्हापासून मी गिरणी झाले.

माझी पहिली फळी वाईट निघाली, हे मी मान्य करते. तिच्यावर लाटा उठल्या होत्या आणि एका टोकाला करपल्याचा काळा पट्टा होता. आप्पांनी ती फळी उचलून सुनेच्या कानाशी धरली आणि टकटक केली. "ऐक. भिंत वाजतेय." मग ती फळी त्यांनी दारातच उभी करून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. महिनाभर ती तिथे होती. सून रोज तिच्याजवळून जायची आणि तिच्याकडे बघायची नाही.

पण ती चिवट होती. तिने माझा रूळ पुन्हा उतरवला, सरळ केला. पट्टा बदलला. फळी दामटून चालत नाही, लाकूड तापते, मग ते वळते, हे तिला कळले. ती प्रत्येक वेळी चाक थोडेसेच फिरवू लागली. आधी एखादी टाकाऊ फळी घालायची, चारही कडांना मापायची, मग खरी फळी. धूळ ओढून घ्यायला तिने मला एक नळी लावली. हळूहळू माझ्यातून काचेसारख्या सपाट फळ्या निघू लागल्या. दुसऱ्या गल्लीतले कारागीरही फळ्या घेऊन यायला लागले. येताना ते "आप्पा आहेत का?" असे विचारायचे आणि मग हळूच "गिरणी चालू आहे का?" असे विचारायचे. आप्पांना दोन्ही ऐकू जायचे.

म्हणतात ना, नावडतीचे मीठ अळणी. मी चांगले काम केले तरी आप्पांना ते गोड लागेना. "हिचा आवाज सुरू झाला की माझं लाकूड मला ऐकू येत नाही," असे म्हणून ते माझी वायर काढून टाकत. नुकत्याच पॉलिश केलेल्या गिटारीवर माझी धूळ बसली, तेव्हा त्यांनी ओले फडके माझ्या मोटरीवर फेकले. ते तसेच राहिले असते तर मी जळून गेले असते. सूनही काही कमी नव्हती. आप्पा रंध्याच्या पात्याला ज्या दगडावर धार लावायचे, तो दगड तिने दाराला अडकण म्हणून लावला. आप्पांना तो सापडायला दोन दिवस लागले. त्यांनी तो उचलला, पुसला आणि मला म्हणाले, तिला नव्हे, मला, "तू भंगारातून आलीस, भंगारातच जाशील."

त्यांनी मला बोटही लावले नाही कधी. फडके फेकायचे, वायर भिंतीतून काढायची, पण मला स्पर्श नाही.

एकदा दोघे समोरासमोर उभे राहून भांडले.

"तुमच्या रंध्यानं ह्यांचा हात खाल्ला," सून म्हणाली. "माझी गिरणी कुणाचा हात खात नाही."

"हात खाल्ला, का काम टाळायला हाताचं निमित्त मिळालं?"

मुलगा तिथेच बसला होता. फळ्यांवरची धूळ पुसत होता. दोघेही त्याच्याविषयी असे बोलत होते, जणू तो दुसऱ्या गावी आहे. त्याने फडके झटकले आणि पुढची फळी घेतली. मला तेव्हा त्याचा फार राग आला. मित्रांनो, आप्पांच्या शिव्यांचा आला नाही इतका.

त्याचे मनगट पुढे बरे झाले. रंधा नाही, पण माझे चाक तो सहज फिरवू शकला असता. त्याने एकदोनदा विचारलेही. "मी चालवू का आज?" सून चाकावरचा हात न काढता म्हणायची, "नको, तुम्ही बसा. हाताला ताण येईल." तिने ते मायेने म्हटले होते की घाईने, मला सांगता येत नाही. पण तो जाऊन बसायचा. बाहेरचे कारागीर हसत विचारायचे, "काय, गिरणीचे मालक?" तोही हसायचा.

मग ती बाई आली. ती वादक होती. मोठ्या कार्यक्रमांत गिटार वाजवायची. सोबत तिने चादरीत गुंडाळलेले एक लांब लाकूड आणले होते. तिची आई आयुष्यभर मुलांना पियानो शिकवायची. आई गेली, पियानो कुजला, पण त्याच्या पोटातली आवाज घुमवणारी फळी शाबूत होती. त्या फळीतून तिला गिटार करून हवी होती.

आप्पांनी फळी कानाशी धरली. टकटक केली. मग डोळे मिटून पुन्हा केली.

"असं लाकूड मिळत नाही," ते म्हणाले. "हे मी हातानं करणार."

"हातानं जमणार नाही," सून म्हणाली. "जुन्या सरसाचे डाग आहेत जागोजाग. रंध्याचं पातं अडकलं की चिरफाळी निघेल. वाळून पापड झालंय ते."

"मला लाकूड शिकवू नकोस."

"मी लाकूड नाही शिकवत. पातं अडकेल म्हणतेय."

वादक बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "हे बघा, आई गेल्यापासून मी भांडणंच ऐकतेय. भावंडांची ऐकली, आता तुमची ऐकायला वेळ नाही. नीट होणार असेल तर ठेवते, नाहीतर नेते."

तेव्हा मुलगा बोलला. "आप्पा फळीचे दोन भाग करून सांधा करतील. जाडी मशीनवर काढू. शेवटचा हात पुन्हा आप्पांचा." एवढे बोलून त्याने कानाची पाळी चोळली. कुणीच हो म्हटले नाही, पण बाईने फळी ठेवली.

आप्पांनी सांधा असा केला की तो नखालाही लागत नव्हता. सांधा आवळून धरणारे शिकंजे सोडल्यावर त्यांनी फळी भिंतीला टेकवली आणि दोन दिवस तिच्याजवळ कुणाला फिरकू दिले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सून बाजारातून नवा काचकागद आणायला गेली आणि आप्पा वर अंघोळीला गेले. कारखान्यात मुलगा एकटा होता.

तो माझ्याजवळ आला. खाली वाकला. खिशातून पाना काढून त्याने माझ्या डाव्या बाजूचा नट सैल केला, बोल्ट थोडा वर चढवला आणि नट पुन्हा आवळला. त्याचा हात नीट चालत होता. काम झाल्यावर त्याने पाना पुसून जागच्या जागी ठेवला आणि फडके घेऊन फळ्या पुसायला बसला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते.

सून परत आली ती भांडतच. जिन्यात तिला आप्पा भेटले होते. "जरा बघून घाल," ते म्हणाले होते, "दळण नाहीये ते." ती ताडताड आत आली. नवा काचकागद चढवला. त्या दिवशी घालायच्या होत्या शाळेच्या गिटारींच्या स्वस्त फळ्या. आधी त्या, मग दुपारी पियानोची फळी, असे ठरले होते. पण तिने शाळेच्या फळ्या बाजूला लोटल्या आणि भिंतीला टेकवलेली फळी उचलली. मुलगा उठून उभा राहिला.

"आधी त्या साध्या घालायच्या होत्या ना?" तो म्हणाला.

"आता हीच घालते. वर ऐकू जाऊ दे, कसं दळण होतं ते."

"अगं, पण टाकाऊ एखादी—"

"तुम्ही बसा हो."

तो बसला नाही, पण बोललाही नाही. तिने मला सुरू केले. फळीची मागची बाजू साफ होती, पुढचीच घासायची होती. रूळ आधी डावीकडेच लागत होता. जुने लाकूड वाकडेतिकडे असतेच, एकीकडे आधी लागणारच, असे तिला वाटले. ती फळी सारत गेली, चाक फिरवत गेली. नेहमी ती चारही कडांना मापायची. त्या दिवशी तिने हाताजवळच्या उजव्या कडेला मापले, मान हलवली आणि पुन्हा फळी घातली. मी घासत राहिले. मी दुसरे काय करणार? जे खाली येते ते घासायचे, एवढेच मला येते.

मग तिने फळी उजेडात धरली आणि डाव्या कडेतून तिला स्वतःची बोटे दिसली.

तिने मला बंद केले. कारखान्यात इतकी शांतता झाली की वरून आप्पांची पावले ऐकू आली. ते जिना उतरून आले. सुनेने फळी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे तुम्ही केलंत."

आप्पांनी फळीला हात लावला. डावी कड त्यांच्या बोटांखाली कागदासारखी लवली. त्यांनी ती कानाशी धरली नाही. ते माझ्याजवळ आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि टेबलाखाली पाहिले. डाव्या नटावरचा रंग खरवडून पितळ चकाकत होते. ते बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"हो," आप्पा म्हणाले. "मीच."

"का?"

"मला ती गिरणी नको होती. सगळ्यांना ठाऊक आहे."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. ती वाट पाहत होती. मीही वाट पाहत होते. आप्पाही पाहत असावेत. मुलाने फडके घडी करून टेबलावर ठेवले आणि तो बाहेर पाणी प्यायला गेला.

वादक बाईला आप्पांनीच सांगितले. "फळी माझ्या हातून गेली," ते म्हणाले. सून म्हणाली, की चांगल्या भागातून लहान वाद्य होऊ शकेल. बाईने तिच्याकडे असे पाहिले, की मला माझ्याच मोटरीची लाज वाटली.

"माझ्या आईचं खेळणं करणार तुम्ही?"

तिने फळी त्याच चादरीत गुंडाळली आणि नेली. पुढे त्या फळीचे काय झाले, मला ठाऊक नाही. ती कुठे तरी कपाटामागे उभी असेल, किंवा नसेलही. त्या लाकडासारखे लाकूड माझ्याखाली पुन्हा आले नाही.

आठवड्याच्या आत सुनेने मला हातगाडीवर चढवले. टायरवाल्याच्या शेजारी एक रिकामी शेड होती, मागे एक खोली होती. ती तिथे राहायला गेली. गल्लीत चर्चा झाली, की सासऱ्याच्या जाचाने सून घर सोडून गेली. टायरवाला माझा आवाज ऐकून म्हणायचा, "ताई, तुमची गिरणी माझ्या पंपापेक्षा जास्त बोंबलते." तिने त्याला कधी उत्तर दिले नाही. ती कुणाशीच फार बोलत नसे. काम मात्र भरपूर येई. मी दिवसभर चालायचे आणि ती दिवसभर चारही कडा मापायची.

तिकडच्या कारखान्याची बातमी फळ्या घेऊन येणाऱ्यांकडून कळे. आप्पांनी मुलाला बाजूला बसवले होते. जड फळ्याही स्वतःच रंधायचे. गिटारी कमी झाल्या होत्या. बापलेक एका टेबलावर जेवायचे आणि बोलायचे नाहीत. आमच्या शेडमध्ये हे ऐकून सून चाकावरचा हात थांबवायची, आणि पुन्हा फिरवायची.

पावसाळा उलटून गेल्यावर एके दिवशी दुपारी मुलगा शेडमध्ये आला. हातात एक फळी होती. ती निमित्ताला आणलेली आहे, हे मलासुद्धा कळले.

"जाडी काढायची होती," तो म्हणाला.

"ठेवा तिथं. उद्या मिळेल."

तो गेला नाही. उभा राहिला. मग एकदम म्हणाला, "तो नट मी सैल केला होता."

तिने मान वर केली नाही.

"शाळेची फळी बिघडेल, एखादी, एवढंच वाटलं होतं. मग तुला काही सापडणार नाही. मी म्हणीन, थांब, मी बघतो. मी शोधून काढीन, मीच नीट करीन. एवढंच. तू ती फळी उचलशील असं वाटलं नव्हतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हीच केलं होतं ते. त्याच दिवशी कळलं. त्या नटाला कुठला पाना लागतो हेसुद्धा आप्पांना ठाऊक नाही. ते मशीनला बोट लावत नव्हते."

"मग तू आप्पांवर चिडून का—"

"मी आप्पांवर चिडून नाही गेले. तुम्ही गप्प बसलात म्हणून गेले. म्हातारा माणूस तुमच्यासमोर तुमचं पाप डोक्यावर घेतोय, आणि तुम्ही पाणी प्यायला जाता. अशा माणसाबरोबर एका घरात कसं राहायचं?"

तो रडेल असे मला वाटले. रडला नाही. त्याने शेडच्या पत्र्याला पाठ टेकली.

"मी मशीन चालवू का म्हणून विचारायचो," तो म्हणाला, "तेव्हा तू 'बसा' म्हणायचीस."

सुनेने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "हो," ती म्हणाली. "म्हणायचे मी. ते माझं चुकलं. पण ते चुकतंय हे तोंडानं सांगायचं होतं. नटाला कशाला सांगितलंत?"

त्याने हातातली फळी खाली ठेवली.

"घरी जा," ती म्हणाली. "आप्पांना हे त्यांच्या तोंडावर सांगा. त्यांना ठाऊक आहे, तरी सांगा. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात दोघे उभे होते. मुलाचे डोळे सुजले होते. आप्पा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. मी चालू होते. त्यांनी डोके तिरके केले आणि थोडा वेळ ऐकले.

"हिचं बेअरिंग गेलंय," ते म्हणाले.

सुनेने मला बंद केले. "गेलं नाही. जायला आलंय. नवं आणलंय मी."

"कालच बदलायला हवं होतं."

"तुमचा कान अजून शाबूत आहे."

"म्हणून तर त्रास होतो."

शेजारी टायरवाला चाकात हवा भरत होता.

"तुम्ही का म्हणालात, मीच केलं म्हणून?" सुनेने विचारले.

आप्पा शेडच्या छपराकडे बघत म्हणाले, "तुझा माझ्यावर राग होताच. म्हटलं, त्यातच मावेल. त्याच्यावर नव्यानं कशाला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ह्या भंगाराविषयी माझं मत बदललेलं नाही."

"बदलू नका," सून म्हणाली.

ते निघून गेले. मुलगा राहिला. सुनेने त्याला पाना दिला आणि जुने बेअरिंग काढायला लावले. ती परत त्या घरी राहायला गेली नाही. तोच शेडमागच्या खोलीत आला. त्यांची भांडणे मी पुष्कळ ऐकली, आता मोठ्याने होतात. आप्पांनी आमच्याकडे एकही फळी कधी पाठवली नाही. त्यांचे हात थकले तेव्हा त्यांनी गिटारी बनवणे सोडले, पण मला शरण आले नाहीत. मीही त्यांना माफ केलेले नाही. ओल्या फडक्याचा तो वास अजून माझ्या मोटरीत आहे.

मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे. माझ्या टेबलाचा पत्रा झिजला आहे, चाक सैल झाले आहे. कुणी मला हात लावण्याआधी विचारत नाही, म्हणून तुम्हाला विनवते. कुठलेही यंत्र चालवण्याआधी त्याच्या खाली वाकून बघा. टाकाऊ तुकडा आधी घाला, चारही कडा मापा. डोक्यात राग असेल त्या दिवशी चांगले लाकूड उचलू नका. लाकूड एकदा घासले गेले की परत चिकटवता येत नाही.

आणि एक. माझ्यासमोर एका माणसाने एक वाक्य गिळले आणि त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. मला तोंड नाही, म्हणून मी तेव्हा गप्प राहिले. तुम्हाला तर तोंड आहे.

चला, सरका बाजूला. फळी आली आहे.